घड्याळातला कुठला आकडा मोजलेला?

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. शूज घेऊन झालेले असतात, ग्रुप तयार झालेला असतो, आणि मग जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारतंच, "अरे, पळायला घड्याळ कुठलं घेऊ?" पुढचा अर्धा तास रिव्ह्यूचे व्हिडिओ, सेलच्या तारखा आणि ईएमआयची गणितं. शेवटी जो सगळ्यात कमी पळतो तो सगळ्यात महागडं घड्याळ घेतो, हा आता जवळजवळ नियमच झालाय :-)

मला विचाराल तर हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा: त्या स्क्रीनवर जे वीस-पंचवीस आकडे दिसणार आहेत, त्यातले मोजलेले किती, मोजलेल्यावरून काढलेले किती आणि निव्वळ अंदाज किती? आपण सॉफ्टवेअरवाले लोक ऑफिसात हा फरक डोळ्यात तेल घालून पाळतो. सेन्सरचा लॉग वेगळा, त्यावरून केलेला हिशोब वेगळा आणि मॉडेलचं भाकीत वेगळं. कुणी भाकीत लॉगच्या रकान्यात टाकलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची धडगत नाही. पण तेच आपण शनिवारी सकाळी मनगटावर घड्याळ बांधतो आणि सगळे आकडे एकाच मापाने खरे मानतो. का तर फॉन्ट सारखा असतो म्हणून!

हा फरक सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही. चढावर मात्र लगेच उघडा पडतो. म्हणून मी कुणालाही सांगतो, घड्याळाची परीक्षा घ्यायची तर एकदा सूर्यमाळला या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सूर्यमाळ म्हणजे मोखाडा तालुक्यातलं, खोडाळ्याच्या बाजूचं डोंगरमाथ्यावरचं गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जव्हार-मोखाड्याबरोबर तिकडे गेलं. मुंबई-ठाण्याहून कसाऱ्यापर्यंत यायचं, तिथून विहीगावच्या रस्त्याने खोडाळा, आणि मग वर. आम्ही तीन-चार जण वर्षातून काही शनिवार-रविवार तिथे पळायला जातो. रस्ता चढतो, वळतो, मध्येच झाडीत शिरतो, मध्येच उघड्या माळावर येतो. थंडीत पहाटे चांगलं हुडहुडायला होतं. पळणाऱ्या माणसाला आणि घड्याळातल्या प्रत्येक सेन्सरला त्रास देणारं जे जे काही असतं ते सगळं या एका रस्त्यावर आहे.

तर आता एकेक आकडा घेऊ.

पहिलं अंतर. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळ सांगत असतात. आपल्या मनगटावरचं यंत्र प्रत्येक उपग्रहाचा संदेश पोचायला किती वेळ लागला ते पाहतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. त्यासाठी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे वेळ मोजताना एवढीशी चूक झाली की आपण खोडाळ्याच्या रस्त्यावरून थेट दरीत! ही यंत्रणा मुळात अमेरिकन लष्कराची. १९८३ साली कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर ती सर्वसामान्यांसाठी खुली करायचं जाहीर झालं. तरीही नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभरेक मीटरपर्यंत. ती भेसळ मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २००३ मध्ये, गार्मिनने पहिली फोररनर मालिका आणली. म्हणजे आपण हे जे घड्याळाचं वेड म्हणतो ते या शतकाच्या बरोबरीचंच आहे.

इथे एक गैरसमज दूर करून टाकतो. "तिकडे मोबाईलला रेंज नसते, मग जीपीएस कसं चालणार?" असं बरेच जण विचारतात. चालतं. जीपीएसला मोबाईलच्या टॉवरशी काही देणंघेणं नाही. फक्त सुरुवातीला वेळ लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला ५० बिट या गतीने पाठवतो. हो, पन्नास बिट! डायल-अप मोडेमसुद्धा यापुढे राजधानी एक्सप्रेस वाटेल. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील मिळायला तीस सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. घरी फोनशी सिंक केलं की हे सगळं आगाऊ भरून येतं. म्हणून आदल्या रात्री घरी सिंक करून ठेवायचं आणि सकाळी उघड्या जागी मिनिटभर उभं राहून मगच स्टार्ट दाबायचं. थंडीत कुडकुडत उभं राहायचा कंटाळा येतो, पण पहिल्या किलोमीटरची रेघ शेजारच्या शेतातून गेलेली बघायची नसेल तर एवढं करावं.

आता अचूकतेचं. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या यंत्राची चूक चार-पाच मीटरच्या आसपास असते. चार-पाच मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण घड्याळ दर सेकंदाला एक ठिपका टाकतं, आणि प्रत्येक ठिपका थोडा इकडे, थोडा तिकडे. हे ठिपके जोडले की सरळ रस्त्याची रेघ नागमोडी होते आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. घाटात नेमकं उलटं होतं. बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये ठिपके दूरदूर पडले तर घड्याळ वळणाचा कोपरा कापून पुढे जातं आणि अंतर कमी भरतं. चांगली घड्याळं हे सगळं गाळून-चाळून बरंचसं सरळ करतात, पण शंभर टक्के नाही.

म्हणूनच मुंबई मॅरेथॉननंतर दरवर्षी होणारी ती तक्रार, "माझ्या घड्याळात साडेबेचाळीसच्या वर आलं, कोर्स चुकीचा मोजलाय!", मला गमतीची वाटते. प्रमाणित मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं साधं यांत्रिक उपकरण लावून मोजतात. वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून, पळता येईल अशा सगळ्यात जवळच्या रेषेवरून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून मुद्दाम हजारात एक भाग जास्त धरतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला जवळजवळ ४२ मीटर. आपण काय करतो? गर्दीतून डावीकडे-उजवीकडे जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, फोटोग्राफर दिसला की रस्ता ओलांडतो. वर दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींवर आपटून येणारे सिग्नल. साडेबेचाळीस भरलं नाही तरच नवल! तिथे सायकलवर विश्वास ठेवा, घड्याळावर नको.

ड्युअल फ्रिक्वेन्सीची जाहिरात हल्ली बरीच असते. उपग्रह एल-१ आणि एल-५ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात आणि दोन्ही ऐकणारं घड्याळ आपटून आलेला सिग्नल जास्त चांगला ओळखतं. लोअर परळ किंवा बीकेसीत टॉवरच्या मधून पळत असाल तर याचा उपयोग खरंच आहे. सूर्यमाळच्या उघड्या माळावर फारसा फरक पडत नाही. जाता जाता, आपल्या इस्रोच्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, पण सुरुवातीच्या उपग्रहांत हा एल-१ पट्टाच नव्हता. छोट्या, कमी वीज खाणाऱ्या चिप तर मुख्यतः एल-१ वरच चालतात. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून तो आला. मनगटावर नाविक यायला उशीर का झाला याचं एक मोठं कारण हे.

दुसरा आकडा उंचीचा. जीपीएसला उंची नीट कळत नाही, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, पायाखालून कुणीच दिसत नाही. म्हणून चांगल्या घड्याळात बॅरोमीटर असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की आपण साधारण आठ मीटर वर आलो असं तो धरतो. चढ मोजायला हे उत्तम. पण आपल्याकडे हवेचा दाब रोज आपोआपच वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणजे टेबलावर नुसतं ठेवलेलं घड्याळसुद्धा दुपारपर्यंत पंधरा-वीस मीटर 'चढू' शकतं. पावसाळ्यात दाब आणखी लहरी, त्यात सेन्सरच्या बारीक भोकात घाम नाहीतर पाणी शिरलं की विचारायलाच नको. एकाच चढावर आमच्या चौघांच्या घड्याळांत चार वेगळे आकडे येतात आणि परत येताना गाडीत त्यावर वाद होतो. वाद घालायला हरकत नाही, पण तो आकडा मीटरपर्यंत खरा धरून नव्हे.

तिसरा आकडा पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं. हा मोजलेला नाही, अंतर आणि वेळ यांच्यावरून काढलेला. अंतरातली चूक त्यात आपोआप येते, आणि त्या क्षणाचा पेस तर सगळ्यात जास्त नाचतो. सूर्यमाळच्या चढावर तर तो निरर्थकच. सपाटीवर मी साडेसहाच्या पेसने आरामात पळतो. तेवढ्याच श्रमात चढावर साडेआठ-नऊ येतात. ज्याने घड्याळात सहा-तीसचा अलार्म लावलेला असतो, त्याला ते यंत्र चढभर टोचत राहतं: हळू पळतोयस, हळू पळतोयस. आणि तो बिचारा पहिल्या दोन वळणांतच संपून जातो. चढावर श्रम सारखे ठेवायचे असतात, वेग नाही. श्रम मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे शेजारच्याशी बोलणं. पळता पळता एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतंय तोवर ठीक. दोन-दोन शब्दांवर आलात की चाल कमी करा. एकटे असाल तर स्वतःशीच बोला, त्या रस्त्यावर ऐकायला गुरांशिवाय कुणी नसतं.

चौथा आकडा हृदयाचे ठोके. इथे जरा जपून, कारण या आकड्यावर लोक तब्येतीचे निर्णय घेतात. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीखालच्या रक्ताच्या लाटा पाहतात. घरी खुर्चीत बसलेलं असताना हे छान जमतं. पळताना हात हलतो, पट्टा सैल असतो, आणि कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल पकडतं. पावलं मिनिटाला १७०, ठोकेही १७०! थंडीत कातडीकडे जाणारं रक्त कमी होतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे माळावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीही दिसू शकतं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, थोडं घट्ट बांधलं तर बरंच सुधारतं. ठोक्यांवर बेतून सराव करायचाच असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विजेचे संकेतच पकडतो. पोलर कंपनीने १९८२ साली आणलेल्या बिनतारी यंत्रापासून आजतागायत हे तंत्र टिकलंय ते उगीच नाही.

पुढची गंमत अशी की ठोके बरोबर आले तरी 'झोन' चुकू शकतो. बहुतेक यंत्रं सुरुवातीला २२० वजा वय हे सूत्र धरतात. माझ्या वयाला, २८ ला, ते १९२ येतं. २००१ मध्ये मांडलेलं दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने १८८ येतं. चाळिशीला दोन्ही १८० वर भेटतात. पण खरी अडचण सूत्रांत नाहीये, माणसांत आहे. सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं ही अगदी साधी गोष्ट. म्हणजे तिघांतल्या एकाला तरी घड्याळाने दिलेले झोन बसतच नाहीत. अशा माणसाला घड्याळ रोज लाल रंग दाखवून घाबरवतं, किंवा त्याहून वाईट, हिरवा दाखवून फसवतं.

आणि आता अंदाजांचं खातं: कॅलरी, व्हीओटू मॅक्स, रिकव्हरीचे तास, 'बॉडी'चा कसला तरी स्कोअर. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत? सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर यंत्रं सुधारली असतील, पण मूळ अडचण तीच आहे. मनगटावरून शरीराची भट्टी दिसत नाही. तेव्हा "आज ८०० कॅलरी जाळल्या, दोन वडापाव चालतील" हा हिशोब करायचा तर करा, पण वडापाव आवडतो म्हणून खा. घड्याळाला साक्षीला बोलावू नका.

सूर्यमाळच्या वाटेवर हे आणखी एका तऱ्हेने लक्षात येतं. हा सगळा भाग मुंबईला पाणी देणाऱ्या वैतरणेच्या धरणांच्या शेजारचा, आणि तरी मोखाडा तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई तुम्हाला रस्त्यात भेटतेच. तिच्या मनगटावर आपलं घड्याळ बांधलं तर काय दिसेल? एक हात हंड्याला धरलेला, हलत नाही. पावलं मोजणारा सेन्सर हाताच्या झोक्यावर चालतो, म्हणजे तिची निम्मी पावलं हिशोबात येणारच नाहीत. डोक्यावरचं ओझं त्याला माहीत नाही. त्या दिवसाच्या शेवटी ते यंत्र तिला बहुधा सांगेल की आज हालचाल कमी झाली, उठा, जरा फिरा! मला यात कुणाला अपराधी वाटायला लावायचं नाही. सांगायचं एवढंच की ज्या अल्गोरिदमने हे उत्तर दिलं असतं तोच अल्गोरिदम आपल्यालाही रोज उत्तर देतो. तो डोळे मिटून गणित करतो.

"बरं, आकडा चुकेना, ट्रेंड तर कळतो ना?" असं एक मित्र म्हणतो. मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. तेच घड्याळ, तोच रस्ता, साधारण तीच वेळ असेल तर चूकही तशीच होत राहते आणि फरक खरा कळतो. सप्टेंबरमध्ये खोडाळ्याहून वर जाताना ज्या ठोक्यांवर जेवढा वेळ लागला, त्याच ठोक्यांवर डिसेंबरमध्ये कमी लागला, तर तुम्ही सुधारलात. यात कुठल्याही स्कोअरची गरज नाही. उलट स्कोअरचा ट्रेंड मला कमी भरवशाचा वाटतो, कारण त्यामागचं सूत्र कंपनीच्या हातात आहे. एका रात्रीत फर्मवेअर अपडेट होतं, सूत्र बदलतं आणि सकाळी तुमचं 'फिटनेस वय' तीन वर्षांनी वाढलेलं असतं. रिलीज नोट्समध्ये काय लिहिलेलं असतं? "बग दुरुस्त्या आणि सुधारणा." आपणच लिहितो अशा नोट्स, आपल्याला काय सांगायचं!

हे सगळं मी एवढं ताणून का सांगतोय? कारण आकड्यांवरच्या आंधळ्या विश्वासाची किंमत मी जवळून पाहिलीय. आमच्याच ओळखीतला एक जण, तिशीचा, १४० दिवसांची स्ट्रीक चालू. अंगात ताप होता तरी स्ट्रीक तुटू नये म्हणून पाच किलोमीटर पळाला. नडगी दुखत होती त्याकडे तर महिनाभर दुर्लक्ष, कारण घड्याळ रोज 'ट्रेनिंग प्रोडक्टिव्ह' म्हणत होतं. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली आणि तीन महिने घरी. ज्या स्पर्धेसाठी हे चाललं होतं ती त्याने टीव्हीवर पाहिली. त्याचं शरीर बोलत होतं, महिनाभर बोलत होतं. पण त्याच्याकडे स्क्रीन नव्हती ना!

सूर्यमाळहून उत्तरेला, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत, हरसूलजवळ सावरपाडा नावाचं गाव आहे. तिथली कविता राऊत, आपली 'सावरपाडा एक्सप्रेस'. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाली. सुरुवातीला ती अनवाणी पळायची हे सगळ्यांना माहीत आहे. या गोष्टीवरून "बघा, घड्याळाशिवाय पळता येतं" असा निष्कर्ष काढणारे मेसेज फिरतात. मला तो पटत नाही. बूट नव्हते कारण परवडत नव्हते, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तिच्याकडे जे होतं आणि आपल्याकडे नसतं ते म्हणजे प्रशिक्षक. विजेंद्र सिंग यांच्यासारखा जाणता माणूस बाजूला उभा राहून चाल बघतो, चेहरा बघतो आणि सांगतो, आज थांब. घड्याळ आपल्याला वही देतं, गुरू देत नाही. वहीला गुरू समजलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

आणखी दोन गोष्टी, ज्या रिव्ह्यूमध्ये कुणी फारशा सांगत नाही. पहिली सुरक्षेची. लाइव्ह ट्रॅक, पडल्यावर घरी संदेश जाणं, या सोयी बहुतेक घड्याळांत फोनच्या नेटवर्कवर चालतात. जव्हार-मोखाड्याच्या घाटात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. जिथे पडायची शक्यता जास्त तिथेच ते गायब. म्हणून आम्ही निघताना खोडाळ्यात चहाच्या टपरीवर सांगून जातो: चौघे वर चाललोय, दहापर्यंत परत येतो, नाही आलो तर बघा. हे अॅप आजवर एकदाही क्रॅश झालेलं नाही. दुसरी गोष्ट नकाशाची. जानेवारी २०१८ मध्ये जगाच्या लक्षात आलं की स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या नकाशात अफगाणिस्तान-सीरियातल्या लष्करी तळांच्या रेघा चमकत होत्या, सैनिक सकाळी धावायचे म्हणून. तुमची रोजची रेघ तुमच्या बिल्डिंगच्या फाटकातून सुरू होते आणि तिथेच संपते, तीही ठरलेल्या वेळेला. घराभोवतीचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये असते. घड्याळ घेतल्या दिवशी ती चालू करा. एकट्या पळणाऱ्या मैत्रिणींनी तर नक्कीच.

आता मूळ प्रश्नावर, कुठलं घ्यावं. बाजारात साधारण पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत घड्याळं आहेत. हौसेने पळणाऱ्याला खालच्या टोकाचं पुरतं. मी पाच गोष्टी बघतो.

एक, बटणं. घामेजल्या बोटांनी आणि पावसात टचस्क्रीन ऐकत नाही.

दोन, जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास टिकते. 'चौदा दिवस' हा जाहिरातीतला आकडा जीपीएस बंद ठेवून काढलेला असतो.

तीन, छातीचा पट्टा जोडता येतो का.

चार, डोंगरात जाणार असाल तरच बॅरोमीटर.

पाच, तुमची फाइल, जीपीएक्स म्हणा नाहीतर फिट म्हणा, बाहेर काढता येते का. उद्या कंपनीने वर्गणी लावली तर पाच वर्षांची वही त्यांच्या कपाटात अडकायला नको.

नकाशे, गाणी, गोल्फ आणि रिकव्हरी स्कोअर यांच्यासाठी जास्तीचे वीस हजार देऊ नका. मागच्या पिढीचं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर डोळे झाकून घ्या. उरलेल्या पैशांत चांगले शूज येतात, आणि सूर्यमाळच्या दोन-तीन फेऱ्यांचं पेट्रोलही.

वापरायचं कसं? एकच स्क्रीन, तिच्यावर वेळ, अंतर आणि ठोके, बस. स्ट्रीक आणि 'उठा-बसा'च्या सूचना बंद. पळून आल्यावर अॅप उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, आज कसं वाटलं? एक ते दहा, एक आकडा, एक ओळ. झोप कशी झाली, कुठे दुखतंय का. मग घड्याळाचे आकडे बघायचे. दोन्ही जुळले तर छान. नाही जुळले, तर त्या दिवशी तुमच्या ओळीला जास्त मत द्या. घड्याळाला फक्त मनगट माहीत आहे. बाकीचं शरीर तुमच्याकडे आहे.